लाइक मोजून मुलांचे निकाल लावू नका: ठाण्यातल्या मंडळांना, शाळांना आणि सोसायट्यांना खुले पत्र

प्रति,
ऑनलाइन स्पर्धा भरवणारी ठाण्यातली सर्व मंडळे, सांस्कृतिक संस्था, शाळा आणि गृहनिर्माण सोसायट्या

सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलाला पहिलं बक्षीस मिळालं, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ज्याचं बक्षीस हुकलं त्याने तोंड उघडलं की लोक म्हणतात, हरला म्हणून बोलतोय. तेव्हा जिंकलेल्याच्या आईनेच बोललेलं बरं.

२७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनानिमित्त आमच्या भागातल्या एका मंडळाने आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी कवितापठणाची ऑनलाइन स्पर्धा ठेवली होती. मंडळाचं नाव लिहीत नाही. नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत अशा बऱ्याच स्पर्धा मी पाहिल्या आहेत आणि नियमावली सगळीकडे जवळपास तीच असते. व्हिडिओ तीन मिनिटांच्या आत. मोबाइल आडवा धरून काढलेला. प्रवेश विनामूल्य, पण मंडळाचं यूट्यूब चॅनल सबस्क्राइब करणं बंधनकारक. आणि सगळ्यात खाली ती ओळ: पाच दिवसांत ज्या व्हिडिओला सर्वाधिक लाइक, तो विजेता.

मुलगा तेव्हा चौथीत होता. रविवारी सकाळी गॅलरीत उभं करून मी त्याचा व्हिडिओ काढला. चौथ्या खेपेला बरा जमत होता. तिसरं कडवं सुरू करताना आत कुकरची शिट्टी झाली. तो क्षणभर अडखळला, माझ्याकडे बघितलं, मी मोबाइलच्या मागून हातानेच ‘चालू ठेव’ अशी खूण केली, आणि तो एक अख्खी ओळ गाळून पुढच्या ओळीवर गेला. खरं तर पुन्हा काढायला हवा होता. पण ऊन चढलं होतं, त्याला खाली खेळायला जायचं होतं. मी म्हटलं, असू दे.

पुढचे पाच दिवस कविता बाजूला पडली आणि आम्ही लाइकच्या मागे लागलो. सोसायटीचा ग्रुप, सासरचा ग्रुप, माहेरचा ग्रुप, शाळेतल्या पालकांचा, माझ्या योगवर्गाचा, यजमानांच्या ऑफिसचे दोन आणि त्यांच्या सकाळच्या लोकलचा एक. प्रत्येक ठिकाणी लिंक टाकली आणि खाली लिहिलं, ‘प्लीज लाइक करा आणि स्क्रीनशॉट टाका.’ धडाधड उत्तरं आली. ‘केलं.’ ‘डन.’ ‘आमच्या घरातल्या चारही फोनवरून केलं गं.’ एका शेजाऱ्यांनी तीन वेगवेगळ्या जीमेल खात्यांवरून केलं आणि तिन्ही स्क्रीनशॉट पाठवले. मीही माझ्या दोन जुन्या खात्यांवरून केलं. तेव्हा त्यात काही वावगं आहे असं मनातसुद्धा आलं नाही. पाचव्या दिवशी रात्री बारा वाजता आकडा होता ८४६. पहिला क्रमांक.

दुसऱ्या दिवशी वाशीहून मावशीचा फोन आला. म्हणाली, ‘छान म्हटलंय गं. पण मधेच कुकरची शिट्टी का वाजते? आणि एक ओळ सुटली का त्याची?’

८४६ लाइक पडले, शेकड्यांनी अभिनंदनं आली, आणि कुकरची शिट्टी ऐकली एकट्या मावशीने. लाइक कुठे दाबायचं ते तिला ठाऊकच नव्हतं. तिने नुसताच व्हिडिओ पाहिला होता, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मला ते लागून राहिलं. आठवड्याभराने मूळ व्हिडिओ परत मागायला मी मंडळाच्या कार्यालयात गेले, मुलगा बरोबर होता. चॅनल सांभाळणारा कॉलेजातला मुलगा मोठा मनमोकळा. त्याने यूट्यूब स्टुडिओ उघडून फोन माझ्या हातात दिला. चॅनलवाल्याला तिथे बरंच दिसतं, जे आपल्याला बाहेरून दिसत नाही. आमचा व्हिडिओ २ मिनिटं ४८ सेकंदांचा. लोकांनी तो सरासरी किती वेळ पाहिला? २१ सेकंद. शिट्टी होते दीड मिनिटावर. तिथपर्यंत पोहोचलेच किती?

मग मी त्याला कळव्याच्या मुलीचा व्हिडिओ उघडायला सांगितलं.

तिच्याबद्दल सांगायलाच हवं. स्पर्धा चालू असताना मी आणि मुलाने सगळे व्हिडिओ ओळीने पाहिले होते. ही स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ उभी, मागे ट्यूबलाइट, भिंतीला पाण्याचं पिंप. साधा शाळेचा गणवेश. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ती इतकी थांबली की मला वाटलं, विसरली. आणि मग पुढचा शब्द तिने अगदी खालच्या आवाजात उचलला, जणू कानात सांगतेय. माझा मुलगा म्हणाला, ‘आई, ही मुद्दाम थांबली.’ नऊ वर्षांच्या मुलाला जे कळलं, ते कळायला तिचा व्हिडिओ पाहावा लागतो, इतकंच. तिचा व्हिडिओ २ मिनिटं २० सेकंदांचा होता आणि लोकांनी तो सरासरी १ मिनिट ५२ सेकंद पाहिला होता. म्हणजे ज्यांनी लावला ते थांबले, ऐकत राहिले. लाइक ७३.

घरी येताना मुलाने विचारलं, ‘मग तिला का नाही दिलं?’ मी म्हटलं, तिला लाइक कमी पडले. तो म्हणाला, ‘पण तिचं जास्त चांगलं होतं ना?’ त्यानंतर तो त्या ट्रॉफीबद्दल काही बोललेला नाही. ट्रॉफी कपाटावर खोक्यातच आहे.

मंडळातल्या माणसांची नियत वाईट होती असं मला मुळीच म्हणायचं नाही. पदरचे पैसे घालून, नोकरी सांभाळून ती माणसं हे सगळं करतात. लाइकवर निकाल लावला की परीक्षक शोधायला नकोत, कोणावर पक्षपाताचा आरोप नको, आकडा सगळ्यांना समोर दिसतो. वरवर पाहता याहून स्वच्छ काय असणार? म्हणूनच हा नियम एका मंडळाकडून दुसऱ्याकडे, कोणी विचार न करता, जसाच्या तसा चालत आला आहे.

पण लाइक म्हणजे नक्की काय, ते आपण घरातल्या घरात ओळखतो. तो आहेर आहे. लग्नात पाकीट देताना आपण जेवणाची चव बघून रक्कम ठरवत नाही. त्यांनी आपल्याकडे काय दिलं होतं ते आठवतो आणि तेवढं घालतो. मला आलेल्या मेसेजमध्ये हे उघड लिहिलेलं होतं: ‘तुम्ही आमच्या श्रेयाच्या रांगोळीला केलं होतं, आम्ही विसरलो नाही.’ यात वाईट काही नाही, आपली माणसं अशीच एकमेकांना धरून राहतात. मात्र आहेराची वही उघडून कोणी नवरा-नवरीला गुण देत नाही. ८४६ या आकड्याने एवढंच सिद्ध झालं की आमच्या घरातल्या दोन मोठ्या माणसांचा गोतावळा कळव्याच्या त्या घराच्या गोतावळ्यापेक्षा मोठा आहे.

आहेराखेरीज लाइकचे आणखीही उपयोग लोक करतात. यजमान ‘नंतर बघू’ म्हणून लाइक करून ठेवतात, कारण लाइक केलेले व्हिडिओ आपल्या खात्यात एका यादीत जमा होतात. त्यांच्या यादीत अभंग आहेत, एसी साफ कसा करायचा ते आहे, आणि निम्म्याहून जास्त त्यांनी अजून उघडलेले नाहीत. आमच्या समोरच्या आजी तर जो व्हिडिओ येईल त्याला अंगठा देतात. पाठवणाऱ्याला बरं वाटतं म्हणतात. हे सगळे अंगठे एकाच आकड्यात मिसळतात आणि तुम्ही त्या आकड्यावरून मुलांचे क्रमांक लावता.

ज्या कंपनीने हे बटण दिलं, तिनेही ते पट्टीसारखं मोजायला दिलेलं नव्हतं. सुरुवातीला यूट्यूबवर पाच तारे होते. लोक जवळजवळ नेहमी पाचच तारे देतात, मधले कोणी वापरतच नाही, हे २००९ मध्ये खुद्द यूट्यूबनेच सांगितलं, आणि २०१० मध्ये तारे जाऊन अंगठे आले. म्हणजे भेद करायला जागा होती तेव्हाही माणसांनी भेद केला नाही. उरला एक ‘हो’ आणि एक ‘नाही’. पुढे २०१२ पासून यूट्यूबने कोणता व्हिडिओ पुढे करायचा हे ठरवताना, किती जणांनी उघडला यापेक्षा किती वेळ पाहिला याला जास्त वजन द्यायला सुरुवात केली. उघडणं आणि पाहणं यांतला फरक यंत्रालाही मोजावासा वाटला. आपल्या मंडळाच्या निकालात मात्र त्याला जागा नाही.

आता डिसलाइकचं सांगते, कारण त्या दिवशी कार्यालयात मला खरा धक्का तिथे बसला. माझ्या मुलाच्या व्हिडिओवर १९ डिसलाइक होते. त्याने फोनवर वाकून ते पाहिलं. ‘एकोणीस जणांना नाही आवडलं?’ मी त्याला समजावू लागले, की अरे, चुकून अंगठा लागतो. लागतोही. पण एकोणीस वेळा? आणि त्या मुलीच्या व्हिडिओवर ११. लाइक ७३ आणि डिसलाइक ११! कविता म्हणणाऱ्या एवढ्याशा मुलीला कोण नापसंत करतं? उत्तर तुम्हालाही माहीत आहे. क्रमांक लाइकवर ठरतो म्हटल्यावर दुसऱ्याचं खाली खेचावंसं वाटणारे पालक निघतातच. डिसलाइकने निकालात काही फरक पडत नव्हता, तरी ते दाबले गेले. ते ११ आमच्या बाजूच्या कोणीच केले नसतील, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मीच शंभर ठिकाणी लिंक टाकली होती.

डिसलाइकचा आकडा आपल्याला बाहेरून दिसत नाही, तो १० नोव्हेंबर २०२१ रोजी यूट्यूबने लपवायचं जाहीर केलं म्हणून. कारण हेच दिलं होतं, की ठरवून डिसलाइकचे हल्ले होतात आणि त्यात लहान आणि नवी चॅनल जास्त सापडतात. पुष्कळांना तो निर्णय पटला नाही. यूट्यूबच्या तीन संस्थापकांपैकी एक जावेद करीम यांनी तर २००५ मध्ये टाकलेल्या, यूट्यूबवरच्या पहिल्यावहिल्या व्हिडिओखालचं वर्णन बदलून विरोध नोंदवला. मलाही तो आकडा काही ठिकाणी हवा असतो. गिझर उघडून दाखवणारा, सरकारी फॉर्म भरायला शिकवणारा व्हिडिओ लावला की पूर्वी आधी खाली नजर जायची. डिसलाइक जास्त दिसले की समजायचं, इथे काहीतरी चुकीचं सांगितलं आहे. ती सोय गेली याचं मला वाईट वाटतं. पण ती सोय माहितीच्या व्हिडिओंपुरती. २०१८ च्या डिसेंबरात यूट्यूबच्या स्वतःच्या वर्षअखेरच्या व्हिडिओला लोकांनी इतके डिसलाइक दिले की तो तोवरचा सर्वांत नापसंत व्हिडिओ ठरला. एवढी मोठी कंपनी ते सोसू शकते. आपण मात्र आठ-नऊ वर्षांच्या मुलांना त्याच बटणासमोर आणून उभं करतो, आणि नियमच असा करतो की कोणाला तरी ते दाबावंसं वाटेल.

आणखी एक गोष्ट, माझ्या मते सगळ्यात गंभीर. आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त काकांना मागे एक मेसेज आला. घरबसल्या काम, यूट्यूबवरचे व्हिडिओ लाइक करा, स्क्रीनशॉट पाठवा, एका लाइकचे ५० रुपये. पहिल्या दिवशी खरोखरच दीडशे रुपये खात्यात आले. मग टेलिग्रामवरच्या ग्रुपमध्ये घेतलं, ‘प्रीपेड टास्क’ म्हणून आधी हजार भरा, मग पाच हजार, आणि शेवटी त्यांच्या मुदत ठेवीतले पैसे गेले. २०२३ मध्ये मुंबई-ठाणे परिसरात पोलिसांकडे अशा तक्रारी ढिगाने आल्या. काकांच्या मुलाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तोवर उशीर झाला होता. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, ‘मला त्यात संशय यावा असं काही वाटलंच नाही. आपण ग्रुपवर रोज हेच तर करतो.’

न पाहता दाबायचं आणि स्क्रीनशॉट पाठवायचा. ही सवय आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आपणच लावली, मुलांच्या स्पर्धांच्या नावाखाली. मी काकांनाही लिंक पाठवली होती. त्यांचा स्क्रीनशॉट अजून माझ्या फोनमध्ये आहे.

यूट्यूबच्या सेवा-अटीही एकदा वाचा. पैसे देऊन किंवा कसलंही आमिष दाखवून व्ह्यूज, लाइक, डिसलाइक किंवा सबस्क्रायबर वाढवायला त्यात स्पष्ट मनाई आहे. लाइक वाढवणाऱ्याला ट्रॉफी आणि रोख रक्कम देणारी स्पर्धा त्या मनाईच्या किती जवळ जाते, ते तुम्हीच ठरवा.

मग करायचं काय? मी शाळेत असताना गडकरी रंगायतनमध्ये एका बालनाट्य स्पर्धेत काम केलं होतं. आम्हाला काहीच मिळालं नाही, उत्तेजनार्थसुद्धा नाही. पण परीक्षकांपैकी एका बाईंनी प्रत्येक मुलासाठी एका चिठोऱ्यावर दोन ओळी लिहून दिल्या होत्या. माझ्या चिठोऱ्यावर होतं: ‘आवाज चांगला आहे. वाक्याचा शेवट गिळू नकोस.’ तीस वर्षं होऊन गेली. आजही चार लोकांसमोर बोलायला उभी राहिले की वाक्य संपवताना मला ती ओळ आठवते. त्या बाईंनी मला पाहिलं होतं. प्रेक्षागृहातही आम्ही मुलं खूप काही शिकलो. कुठे हशा येतो, कुठे खुर्च्या वाजायला लागतात, कुठे अचानक सगळं शांत होतं. पडद्यावर माणसं समोर नसतात, तेव्हा ते थोडं तरी भरून काढायला कोणीतरी बसून पाहावं लागतं.

तर माझी मागणी एवढीच आहे. दोन परीक्षक बसवा. ज्या गावात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे, जिथे दर चौथ्या गल्लीत एखाद्या निवृत्त मराठीच्या शिक्षिका भेटतात, तिथे दोन परीक्षक मिळत नाहीत हे मला मान्य नाही. पन्नास व्हिडिओ तीन मिनिटांचे धरले तरी अडीच तासांचं काम आहे. एक दुपार. मानधन नसेल तर नसू दे, चहा द्या. निकाल लागेपर्यंत व्हिडिओ ‘अनलिस्टेड’ ठेवा, म्हणजे लिंक असलेल्यांनाच दिसतील. नंतर ते सगळ्यांसाठी खुले करताना लाइकचा आकडा लपवायची सोय स्टुडिओमध्ये प्रत्येक व्हिडिओच्या सेटिंगमध्ये आहे, ती वापरा. आणि प्रत्येक मुलाला, क्रमांक येवो न येवो, परीक्षकांच्या दोन ओळी द्या.

‘परीक्षकांचा वेगळा आणि लोकप्रियतेचा वेगळा’ असा मधला मार्ग काही जण सुचवतील. मोठ्यांच्या स्पर्धेत खुशाल करा. मुलांच्या स्पर्धेत नको. मुलं दोन्ही ट्रॉफ्यांची उंची मोजतात आणि जिच्यामागे मोठा आकडा आहे तीच खरी मानतात.

आमच्या मंडळाने लाइकमुळे चॅनल वाढतं असं मला सांगितलं. या स्पर्धेने जवळपास दीड हजार सबस्क्रायबर वाढलेही. त्यानंतर त्याच चॅनलवर एका ज्येष्ठ शिक्षकांचं फार चांगलं व्याख्यान आलं. मी पाहिलं तेव्हा त्यावर ४१ व्ह्यूज होते.

श्रावण आला की गणपतीच्या सजावट स्पर्धा, गौरीच्या आरास स्पर्धा, मुलांच्या श्लोकपठणाच्या स्पर्धा यांच्या जाहिराती निघतील. नियमावली छापायला जाण्याआधी ती शेवटची ओळ बदला. आमच्या मंडळाच्या कार्यालयात येत्या रविवारी संध्याकाळी मी मुलासह येते आहे, ट्रॉफी आणि बक्षिसाचं पाकीट घेऊन. मुलाशी बोलूनच हे ठरवलं आहे. सगळे व्हिडिओ तुम्ही परीक्षकांना एकदा दाखवा आणि ते सांगतील त्याला ते द्या. पुढच्या स्पर्धेसाठी परीक्षकांना फोन करणं, व्हिडिओंची यादी करणं, त्यांच्या ओळी नीट लिहून मुलांपर्यंत पोहोचवणं हे काम मी करीन. दर शनिवारी दुपारी मला वेळ असतो.

आपली नम्र,
तेव्हा चौथीत असलेल्या एका मुलाची आई
ठाणे (पश्चिम)